शिलाँगची गाणी, कोंगथाँगची हाक

मोबाईलवर आलेली मिनिटभराची चित्रफीत पाहून आज कितीतरी कुटुंबे मेघालयची वाट धरतात. या वाटेवर दोन प्रकारचे संगीत भेटते. एक सर्वांना वाटण्यासाठी असते, तर दुसरे एकाच माणसाचे असते.

घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर एक दिवस छोटीशी चित्रफीत येते. हिरव्यागार डोंगरउतारावर एक बाई उभी आहे. तोंडाशी तळहात धरून ती दरीकडे पाहत एक लांबलचक लकेर घेते. त्यात शब्द नाहीत, नुसते सूर आहेत. क्षणभराने दरीच्या पोटातून कुणीतरी ओ देते. मुलगी ती चित्रफीत आईला दाखवते, आई आपल्या बहिणीला पाठवते आणि बहीण भिशीच्या मैत्रिणींना. आठवडाभरात चार घरांतून एकच प्रश्न निघतो, ‘हे गाव आहे तरी कुठे?’

हे गाव म्हणजे मेघालयच्या पूर्व खासी हिल्स जिल्ह्यातले कोंगथाँग. तेथे प्रत्येक माणसाला नावाबरोबरच एक सूर असतो आणि तो त्याच्या आईने रचलेला असतो. मात्र कोंगथाँगला जायचे तर शिलाँगवरून जावे लागते, आणि शिलाँगला थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्या डोंगरात एक गाव सुरांनी हाका मारते, त्याच डोंगरातले हे शहर अर्ध्या शतकाहून अधिक काळ स्वतःची गाणी स्वतः रचून देशाला ऐकवीत आले आहे.

ढगांच्या गावी

गुवाहाटी सोडले की काही वेळातच रस्ता चढू लागतो. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला दमटपणा मागे पडतो, दोन्ही बाजूंना सुपारीची झाडे, बांबूची बेटे आणि अननस विकणाऱ्या बायकांच्या टपऱ्या दिसू लागतात. सुमारे शंभर किलोमीटरचा हा प्रवास रस्त्यात गर्दी नसेल तर तीन तासांत होतो. शिलाँग पंधरा-सोळा किलोमीटरवर आले की डोंगरांच्या कुशीत पसरलेला उमियम तलाव दिसतो. इथले लोक त्याला बडा पानी म्हणतात. येथे गाडी थांबवून चहा घेतला नाही, असा प्रवासी विरळाच.

शिलाँग समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. इंग्रजांनी १८७४ मध्ये ते आसाम प्रांताचे मुख्य ठाणे केले आणि तेथील हवेवर खूश होऊन त्याला ‘पूर्वेकडचे स्कॉटलंड’ म्हटले. रवींद्रनाथ टागोर येथे तीनदा राहून गेले. त्यांच्या ‘शेषेर कविता’ या कादंबरीतील प्रेमकथा याच पाइनच्या झाडांखाली घडते. २१ जानेवारी १९७२ रोजी मेघालय हे स्वतंत्र राज्य झाले आणि शिलाँग त्याची राजधानी.

शहराची खरी ओळख होते ती इयुदुह बाजारात. बाहेरून आलेले लोक त्याला बडा बाजार म्हणतात. उतारावरच्या अरुंद गल्ल्यांत सुपारी, तमालपत्र, हळद, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या आणि मध यांची दाटी असते. गल्ल्यावर बसलेल्या बहुतेक बायकाच. खासी समाज मातृवंशीय आहे. मुलांना आईच्या कुळाचे नाव लागते आणि वडिलोपार्जित घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते. म्हातारे आईबाप तिच्याकडेच राहतात. ओळख झाली की पाहुण्यापुढे क्वाय येते. क्वाय म्हणजे ओली सुपारी, पान आणि चुना. आपल्याकडच्या पानसुपारीसारखाच हा मान आहे. मात्र ही सुपारी चढते, नवख्याचे कान गरम होतात आणि भर थंडीत कपाळाला घाम फुटतो, हे लक्षात ठेवावे.

घराघरात गिटार

संध्याकाळी पोलीस बाजार किंवा लाइतुमख्रा भागातून फेरफटका मारला की कुठून तरी गिटारचा आवाज कानावर येतो. शिलाँगला हा नाद लागला कसा?

खासी लोकांचे स्वतःचे संगीत जुने आहे. चार तारांचे दुइतारा हे वाद्य, ढोल आणि सनईच्या जातीची तांगमुरी यांच्याशिवाय त्यांचे सण होत नाहीत. दुइतारा घडवणारे आणि वाजवणारे पूर्व खासी हिल्समधील कलाकार रायसिंगबोर कुर्कालांग यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे १८४१ मध्ये थॉमस जोन्स हे वेल्स देशातले मिशनरी सोहरा म्हणजे चेरापुंजीला आले. त्यांनी खासी भाषेला रोमन लिपी दिली. वेल्स हा समूहगायनाचा शौकीन देश. त्यामुळे चर्चच्या बरोबरीने चार वेगवेगळ्या पट्टींत एकत्र गाण्याची रीतही या डोंगरात रुजली. मग ग्रामोफोन आला, १९४८ मध्ये शिलाँग-गुवाहाटी आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि तरुणांच्या हाती गिटार आली.

या तरुणांपैकी एक लू माजॉ. अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलन यांच्या गाण्यांनी त्यांना झपाटले. २४ मे १९७२ रोजी, डिलन यांच्या वाढदिवशी, त्यांनी शिलाँगमध्ये डिलन यांच्या गाण्यांचा कार्यक्रम केला आणि पुढे दरवर्षी त्याच तारखेला तो करीत राहिले. कंपनी नाही, मोठा प्रायोजक नाही. एका माणसाला आवडलेली गाणी आपल्या गावाला ऐकवायची, एवढाच हेतू. डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले ते २०१६ मध्ये. तोपर्यंत शिलाँगच्या दोन पिढ्या त्यांची गाणी ऐकत लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या!

आपल्याला आवडलेले दुसऱ्याच्या कानावर घालावे, ही ओढ काही मोबाईलने निर्माण केलेली नाही. कॅसेटच्या काळात एक मूळ कॅसेट आणि तिच्या वीस नकला असा हिशेब असायचा. वेष्टनावर बॉलपेनने गाण्यांची नावे लिहिलेली असायची. कॅसेट अडकली की पेन्सिलीने फीत गुंडाळायची आणि पुन्हा ऐकायची. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांतही हेच चालत असे.

स्वतःच्या पायावर उभे संगीत

ज्याला ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र संगीत म्हणतात, त्याचा अर्थ सोपा आहे. हे गाणे चित्रपटासाठी केलेले नसते आणि मोठ्या कंपनीने सांगितले म्हणूनही नव्हे. कलाकार स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, पदरमोड करून ध्वनिमुद्रण करतो आणि ते गाणे एका श्रोत्याकडून दुसऱ्याकडे जात राहते. जाहिरातीला पैसा नसतो. ‘हे ऐकून बघ’ असे म्हणणारा मित्र हीच त्याची जाहिरात.

शिलाँगचे बहुतेक नाव अशा संगीताने झाले. रूडी वालांग आणि टिप्रिती खारबांगार यांनी २००३ मध्ये ‘सोलमेट’ हा वाद्यवृंद सुरू केला. ब्लूज हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दुःखातून जन्मलेले संगीत. खासी डोंगरातल्या या जोडीने ते इतके आपलेसे केले की २००७ मध्ये ते थेट अमेरिकेतील मेम्फिस शहरातल्या ब्लूज स्पर्धेत जाऊन गायले. नील नाँगकिनरिह यांनी २००१ मध्ये शिलाँग चेंबर क्वायर हा गायकवृंद उभा केला. २०१० मध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकून तो घराघरात पोहोचला. जुनी हिंदी चित्रपटगीते आणि पाश्चात्त्य समूहगायन यांचा त्यांनी घातलेला मेळ कितीतरी मराठी घरांतही कौतुकाने ऐकला गेला. नाँगकिनरिह यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

खासी लोकसंगीत नव्या वाद्यांशी जोडणारा ‘समरसॉल्ट’ हा वृंद २०१६ च्या ‘रॉक ऑन २’ या हिंदी चित्रपटात उषा उथुप यांच्याबरोबर ऐकू आला. ‘खासी ब्लड्झ’सारख्या गटांतली मुले आपल्या भाषेत रॅप करतात आणि त्याच्या चित्रफिती स्वतःच इंटरनेटवर ठेवतात. खासी बोलणारे लोक पंधरा लाखांच्या आसपास. इतक्या लहान भाषेतल्या गाण्यासाठी मोठी कंपनी पैसा घालील अशी आशा करण्यात अर्थ नव्हता. इंटरनेटने ती अडचण दूर केली. आता लाइतुमख्राच्या एखाद्या खोलीत मुद्रित झालेले गाणे त्याच संध्याकाळी नाशिकला किंवा नागपूरला ऐकता येते.

पण ऐकणे सोपे झाले म्हणून कलाकाराचे पोट भरतेच असे नाही. फुकट ऐकलेल्या गाण्यातून त्याच्या हाती फार थोडे येते. म्हणूनच राज्य सरकारने पर्यटनस्थळांवर स्थानिक कलाकारांना मानधन देऊन गायला बोलावण्याची योजना आखली. प्रवाशानेही आपला वाटा उचलावा. संध्याकाळी कार्यक्रम असेल तर तिकीट काढून जावे, आवडलेल्या गाण्याची चित्रफीत पुढे पाठवताना त्यावर कलाकाराचे नाव लिहावे. शिलाँगच्या गाण्याला पुढे जाण्यानेच आयुष्य लाभते. ते जितक्या घरी जाईल तितके त्याचे भले.

नावाऐवजी सूर

शिलाँगहून कोंगथाँग ५५ ते ६० किलोमीटर. अंतर ऐकून फसू नये. सोहराच्या पठाराची कड येताच रस्ता एका लांब डोंगरसोंडेवरून वळणे घेत जातो. दोन्ही बाजूंना खोल दऱ्या, समोर ढग. पोहोचायला तीन तास सहज लागतात. शंभराहून अधिक घरांचे, सुमारे सातशे वस्तीचे हे गाव. लोक झाडूचे गवत कापतात, सुपारी आणि तमालपत्र पिकवतात, मध गोळा करतात. वाड्या आणि मळे दरीच्या उतारावर असल्याने दिवसभर माणसे एकमेकांपासून दूर विखुरलेली असतात.

येथे मूल जन्माला आले की आई त्याच्यासाठी एक सूर रचते. त्या सुराला ‘जिंगरवाय याओबेई’ म्हणतात. याओबेई म्हणजे कुळाची आद्य माता. आई तो सूर बाळाच्या कानाशी गुणगुणत राहते. हळूहळू बाळ त्याला ओळखू लागते आणि मग तोच त्याची हाक होतो. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. कोंगथाँगला आई कानात सूर सांगते, एवढाच फरक.

या सुराची दोन रूपे असतात. अंगणात, घरात हाक मारायला छोटे रूप. रानात, दरीपलीकडे हाक मारायला पूर्ण, लांब रूप. ते अर्धा मिनिट किंवा त्याहूनही अधिक चालते. डोंगरात शब्द विरून जातात, पण लांबवलेला सूर दूरवर पोहोचतो. हे झाले व्यवहाराचे कारण. गावकरी आणखी एक कारण सांगतात. रानात माणसाचे नाव घेतले तर दुष्ट शक्तींच्या ते कानावर पडते आणि त्या माणसाला त्या बाधतात. सूर ऐकून मात्र त्यांना काही उमगत नाही, कारण पाखरांच्या आवाजात तो मिसळून जातो.

प्रत्येकाला कागदोपत्री लिहायला साधे नावही असते. शाळेच्या हजेरीत तेच असते. पण आईच्या तोंडी असतो तो सूर. बहीण-भावंडांचेही सूर वेगवेगळे. एकाचा सूर दुसऱ्याला दिला जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे माणूस गेला की त्याचा सूरही जातो. तो पुन्हा कुणासाठी वापरत नाहीत. शिलाँगचे गाणे जास्तीत जास्त तोंडी जावे यासाठी जन्मते. कोंगथाँगचा सूर एका जिवाबरोबर येतो आणि त्याच्याबरोबरच संपतो.

कॅमेऱ्यासमोर हाक

असा सूर मोबाईलमध्ये टिपून जगभर पाठवला तर काय होते?

चांगले झाले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. या चित्रफितींमुळेच कोंगथाँगचे नाव देशाला कळले. २०२१ मध्ये जागतिक पर्यटन संघटनेच्या ‘सर्वोत्तम पर्यटन ग्राम’ निवडीसाठी भारताने जी तीन गावे सुचवली, त्यांत कोंगथाँग होते. मान मिळाला तो तेलंगणातल्या विणकरांच्या पोचमपल्लीला, पण कोंगथाँगची चर्चा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गावातल्या एका आईने पंतप्रधानांसाठी सूर रचला. मुख्यमंत्र्यांनी त्याची चित्रफीत प्रसिद्ध केली आणि पंतप्रधानांनी आभार मानले. पाहुणे येऊ लागले. वाटाड्या, जेवण, मुक्काम, मध यांतून घरात चार पैसे येण्याची सोय झाली. गाव सोडून शहरात कामाला जाऊ पाहणाऱ्या तरुणाला गावात राहण्याचे एक कारण मिळाले.

पण हाक आणि कार्यक्रम यांत फरक आहे. समजा, एखादे कुटुंब सकाळी गावात उतरते. वेळ कमी, संध्याकाळी शिलाँगला परतायचे. पहिल्याच अंगणात ते म्हणते, ‘जरा मुलाचा सूर म्हणून दाखवा ना!’ आई म्हणते. ‘पुन्हा एकदा, मघाशी नीट आले नाही.’ ती पुन्हा म्हणते. मूल तिच्या शेजारीच उभे असते. ज्या सुरावर त्याने धावत यायचे, तो सूर ऐकूनही त्याला कुठे जायचे नसते. दिवसातून दहा पाहुण्यांसाठी हेच झाले, तर त्या सुराला ते मूल काय समजेल? मोबाईल आल्यावर दरीपलीकडे हाक मारायची गरज तशीही कमी होणार. उद्या हा सूर केवळ पाहुण्यांसाठी उरला, तर चित्रफीत राहील, पण हाक राहणार नाही.

म्हणून चित्रीकरण करूच नये, असे नाही. आधी विचारावे. नकार आला तर हसून मान्य करावा. एकदा म्हटलेले पुरेसे मानावे. लहान मुलाचा चेहरा, नाव आणि सूर असे तिन्ही एकत्र टिपून अनोळखी लोकांना पाठवताना, आपल्या मुलाचे तसे कुणी पाठवले असते तर चालले असते का, हे स्वतःला विचारावे. त्या सुराला दुसरे संगीत जोडून मौजेची चित्रफीत तर मुळीच करू नये. ज्याच्या घरी टिपले त्याच्याकडे मुक्काम करावा, वाटाड्याला त्याचे पैसे द्यावेत, मध विकत घ्यावा. शिलाँगच्या गाण्यावर नाव लिहायचे, ते कलाकार लोकांना कळावा म्हणून. कोंगथाँगच्या सुरावर दुसरे नाव लिहिण्याची गरजच नाही, कारण तो सूर हेच नाव आहे.

एक रात्र राहणाऱ्या पाहुण्याला खरी हाक ऐकायला मिळण्याचा संभव असतो, कारण सकाळचे पाहुणे तोवर गेलेले असतात. संध्याकाळ झाली की दरीतून धुके वर सरकू लागते, चुली पेटतात, गवताचे भारे पाठीवर घेऊन माणसे चढण चढत असतात. अशा वेळी एखादी आई अंगणाच्या कडेला येऊन उभी राहते आणि सूर लावते. समोर कॅमेरा नसतो. थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग धुक्यातून पावले वाजतात आणि एक पोर धापा टाकत वर येते, कारण गावातल्या एवढ्या सुरांपैकी तो सूर त्याचा असतो.

प्रवासाची माहिती

कसे जाल : मुंबई, पुणे किंवा नागपूरहून रेल्वेने वा विमानाने गुवाहाटी गाठावे. तेथून शिलाँगला बस, टॅक्सी आणि माणशी भाडे घेणाऱ्या सुमो मिळतात. शिलाँगला रेल्वे नाही. कोंगथाँगसाठी शिलाँगहून पूर्ण गाडी ठरवणे सोयीचे, कारण परतीचे वाहन आयत्या वेळी मिळेलच असे नाही.

केव्हा जाल : ऑक्टोबर ते एप्रिल. जून ते सप्टेंबर येथे जगातला सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशाचा पावसाळा असतो. तेव्हा दऱ्यांतल्या वाटा निसरड्या होतात. हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते, लोकरीचे कपडे न्यावेत.

लक्षात ठेवा : रविवारी चर्चमुळे बहुतेक दुकाने बंद असतात. कोंगथाँगला साध्या मुक्कामाची सोय होते, पण आधी कळवून जावे. रोख पैसे जवळ ठेवावेत. शाकाहारी मंडळींनी जेवणाचे आधीच सांगावे. भात, डाळ, भाजी मिळते, पण खासी जेवणात मांस नेहमीचे असते. नमस्कार आणि आभार या दोन्हींसाठी ‘खुबलेई’ हा एकच शब्द पुरतो.